ही कादंबरी कुठल्या कपाटात ठेवायची?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, क्लबहाउसच्या जिन्याखाली लोखंडी कपाटं आहेत, दोन. घर बदलताना किंवा घरातलं कुणी म्हातारं माणूस गेलं की लोक पुस्तकं तिथे आणून ठेवतात. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही. एका कपाटावर 'कथा-कादंबरी' अशी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर 'अध्यात्म, तत्त्वज्ञान व इतर'. त्या 'व इतर'मध्ये लोणच्यांपासून शेअरबाजारापर्यंत सगळं मावतं.

दिवाळीआधीच्या आवराआवरीत एक काका आणि मी पुस्तकं लावत होतो. काका रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे प्रत्येक वस्तूला तिचा फलाट असतो यावर त्यांची श्रद्धा. एक जाडजूड कादंबरी हातात आली. मागे छापलेलं, 'तत्त्वचिंतनात्मक कादंबरी'. काकांनी चष्मा वर केला. "आता ही कुठे जाणार?"

"कादंबरीत."

"अहो, पण तत्त्वचिंतन लिहिलंय."

आठवडाभर ते पुस्तक कपाटाच्या डोक्यावर पडून होतं.

हा घोळ एकट्या काकांचा नाही. दर ऑक्टोबरात साहित्याचं नोबेल जाहीर झालं की वर्तमानपत्रांत 'मानवी अस्तित्वाचा वेध घेणारं लेखन' वगैरे छापून येतं आणि साधा वाचक चार पावलं मागे सरकतो. आमच्या वाचनगटात तर दोन तक्रारी आलटून पालटून ऐकू येतात. एक, "तत्त्वज्ञान फार आहे हो, गोष्ट पुढेच सरकत नाही." दुसरी, "गोष्ट झकास, पण विचार काही नाही." जणू विचार म्हणजे चहातली साखर; एकाला जास्त झाली, दुसऱ्याला कमी पडली. माझ्या मते तो विरजणासारखा असतो. दही लागल्यावर विरजण कुठे आहे ते दाखवता येत नाही, आणि ते घातलं नसतं तर दूध दूधच राहिलं असतं.

आता हे जरा सावकाश बघू.

तत्त्वज्ञान शिकवू नकोस!

मराठीत हे वाक्य आई रागावली की म्हणते. इथूनच गैरसमज सुरू होतो. आपल्या रोजच्या बोलण्यात तत्त्वज्ञान म्हणजे उपदेश, सुविचार, शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं वाक्य. त्या वाक्याशी कुणी भांडत नाही. खरं तत्त्वज्ञान भांडणातूनच सुरू होतं.

त्याचे मूळ प्रश्न ढोबळमानाने तीन. जे आहे ते नेमकं काय आहे? आपल्याला जे कळलं असं वाटतं ते खरंच कळलं का, आणि कशावरून? आणि वागावं कसं? पंडित लोक या प्रश्नांना सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा आणि नीतिशास्त्र म्हणतात. ही नावं पुढे लागणार नाहीत, विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की तत्त्वज्ञ उत्तर देतो तेव्हा कारणंही देतो, आणि समोरच्याने ती कारणं खोडावीत अशी त्याची अपेक्षा असते.

कादंबरी कारणं देत नाही. ती माणसं देते. तरीही हे दोघं एकमेकांच्या घरी इतके जातात-येतात कसे?

चौथी सीट

वाशीहून ठाण्याला येणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, एक प्रश्न रोज सुटतो आणि रोज नव्याने पडतो. बाक तिघींचा. चौथी येते आणि म्हणते, "जरा आत सरका." तिला कडेला टेकायला मिळतं, अर्धं अंग बाहेर.

तत्त्वज्ञाला हा प्रश्न द्या. तो आधी त्यातली माणसं काढून टाकेल. उरतील अ, ब, क आणि ड. मग विचारेल: तिघींच्या जागेवर चौथीचा हक्क आहे का? नियमात नसलेला हक्क नुसत्या वहिवाटीने तयार होतो का? तिघींची थोडी थोडी अडचण वाढून एकीचे हाल बरेच कमी होत असतील, तर सरकणं हे कर्तव्य की उपकार? प्रश्न चांगले आहेत. गाडी ऐरोलीला पोचेपर्यंत सुटणार नाहीत.

हाच प्रसंग कथा लिहिणाऱ्या बाईला द्या. ती माणसं परत आत आणेल. कडेला बसलेल्या तिसरीच्या मांडीवर झोपलेलं मूल आहे. तिने वर पाहिलं तर चौथी तिच्याच ऑफिसातली. परवा साहेबांकडे जाऊन हिच्या उशिरा येण्याबद्दल बोललेली तीच. चौथी "सरका" म्हणते, पण खिडकीकडे बघत, कुणालाच न म्हटल्यासारखं. तिसरी मुलाचं डोकं सावरत, एक शब्द न बोलता सरकते. बोटभर जागा होते. आणि चौथी म्हणते, "राहू दे, मी आता उतरतेच." गाडी अजून कोपरखैरण्यालाही आलेली नसते. तिला ठाण्याला जायचं असतं.

हक्क, कर्तव्य, उपकार हे तिन्ही शब्द इथे कुणी उच्चारले नाहीत. तरी "राहू दे" या दोन शब्दांत एक असा प्रश्न आहे जो अ-ब-क-डच्या मांडणीत आलाच नव्हता: ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडून काही घेणं इतकं जड का जातं?

तत्त्वज्ञ तपशील काढत जातो, म्हणजे नियम दिसावा. कथाकार तपशील घालत जातो, म्हणजे तो नियम डळमळावा. दोघांची वाट उलटी, बाक मात्र एकच.

तत्त्वज्ञसुद्धा गोष्टी रचतात की!

हो, रचतात. त्याला विचारप्रयोग म्हणतात. प्रयोगशाळेऐवजी डोक्यात करायचा प्रयोग. सगळ्यांत गाजलेला फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंच्या १९६७ सालच्या निबंधातला आहे. ताबा सुटलेली ट्राम. सरळ गेली तर रुळावरचे पाच कामगार मरणार, चालकाने दुसऱ्या रुळावर वळवली तर तिथला एक. काय करावं?

काकांना हा प्रयोग सांगितला तर ते भडकले. "पाच माणसं रुळावर काम करताहेत आणि कुणी झेंडीवाला नाही?" हा आक्षेप चुकीच्या वर्गात केलेला बरोबर आक्षेप आहे. विचारप्रयोगात झेंडीवाला ठेवला तर प्रयोगच मोडतो. कादंबरीत झेंडीवाल्यापासूनच सुरुवात होईल. तो कुठे होता, का नव्हता, आणि आता घरी जाऊन बायकोला काय सांगणार.

इथे एक मजा सांगते. या फूटबाईंची जिवाभावाची मैत्रीण होती आयरिस मर्डॉक. दुसऱ्या महायुद्धात दोघी लंडनमध्ये एकाच घरात राहत होत्या. मर्डॉकबाईंनी ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवलं आणि २६ कादंबऱ्या लिहिल्या. १९७८ चं बुकर त्यांना मिळालं. तुम्ही कादंबऱ्यांत तत्त्वज्ञान मांडता का, या प्रश्नावर एका मुलाखतीत त्यांनी जवळजवळ अंग काढून घेतलं. कादंबरीत सिद्धान्त घालण्याची आपल्याला धास्ती वाटते, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही कामं आयुष्यभर केलेली बाई म्हणते, यांची सरमिसळ करू नका. टीकाकारांनी त्यांचं ऐकलं नाही आणि त्यांच्या कादंबऱ्यांत तत्त्वज्ञान शोधतच राहिले. मला दोघांचंही पटतं. घालायचं नसतं, पण असतं.

जुनं भांडण

प्लेटोने, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, आपल्या आदर्श नगरातून कवींना हद्दपार केलं. देवांची स्तोत्रं आणि सज्जनांची स्तुती तेवढी चालेल, बाकी काव्य नको. कारण कवी भावना चाळवतात, आणि ज्याची नक्कल करतात त्याचं त्यांना ज्ञान नसतं. तत्त्वज्ञान आणि काव्य यांचं भांडण जुनंच आहे, असं तेव्हाच तो म्हणतो.

गंमत अशी, की हे सगळं त्याने संवादांत लिहिलं. सॉक्रेटिस नावाचं पात्र, घाम पुसत वाद घालणारी इतर पात्रं, कुणाच्या घरी जेवणाचं आमंत्रण, कुणाला आलेला राग. अज्ञान म्हणजे काय हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याने व्याख्या केली नाही. गुहेत बांधलेल्या, भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजणाऱ्या माणसांची गोष्ट सांगितली. आज प्लेटोमधलं एकच काही लोकांना आठवत असेल तर ती गुहा.

त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल थोडा मवाळ. इतिहास जे घडलं ते सांगतो, काव्य जे घडू शकेल ते सांगतं, म्हणून काव्य इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जवळचं, असं त्याने लिहिलं. अमक्याने तमक्या दिवशी काय केलं यापेक्षा, अशा माणसावर अशी वेळ आली तर तो काय करील, हे जास्त व्यापक असतं.

आपल्याकडे गाई होत्या

आपल्या परंपरेत असं हद्दपारीचं नाट्य झालेलं दिसत नाही. तत्त्वज्ञान गोष्टीच्या ओटीवर बसूनच वाढलं. कठोपनिषद घ्या. विषय मृत्यूनंतर काय उरतं. सुरुवात कशाने होते? गाईंनी. वाजश्रवस यज्ञात दान देतोय, आणि त्या गाई कशा आहेत? शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. लहानगा नचिकेता ते बघतो. बापाला खोटारडा म्हणत नाही. फक्त विचारतो, "मला कुणाला देणार?" एकदा, दोनदा, तीनदा. बाप वैतागून म्हणतो, "मृत्यूला देतो जा!"

घराघरांतला संवाद आहे हा. पोरगं एकच प्रश्न धरून बसतं आणि बाप नको ते बोलून जातो. त्यानंतर यमाच्या दारात तीन रात्री उपाशी, मग तीन वर, मग यमाने दाखवलेली आमिषं, आणि कुठे पुढे आत्म्याची चर्चा. त्या भाकड गाई काढून टाका आणि थेट आत्म्यापासून सुरुवात करा. सिद्धान्त एका अक्षराने बदलणार नाही. पण हा मुलगा आमिषाला का भुलला नाही ते कळणार नाही. बापाची खोटी दानं त्याने पाहिली होती. फसवं देणं त्याला ओळखता येत होतं. (हे माझं वाचन आहे, भाष्यकारांचं नव्हे.)

मराठीत तर याचं व्याकरणच तयार होतं. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत रचून ठेवले, आणि प्रत्येकाचे तीन भाग. सूत्र, म्हणजे सिद्धान्ताचं वाक्य. दृष्टांत, म्हणजे छोटी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते त्याचा खुलासा. तत्त्वज्ञान आणि कथा यांचा संबंध इतका नेटका क्वचितच कुणी मांडला असेल.

आधुनिक कथा-कादंबरी काय करते? माझ्या समजुतीप्रमाणे ती पहिला आणि तिसरा भाग गाळते. मधला दृष्टांत तेवढा ठेवते. सूत्र वाचकाने शोधायचं, खुलासाही त्यानेच करायचा, आणि दोन वाचकांचे खुलासे जुळले नाहीत तरी हरकत नसते. "कळलं नाही" असं जे वाटतं ते बहुतेक वेळा या गाळलेल्या तिसऱ्या भागामुळे. आपल्याला दार्ष्टांतिकाची सवय आहे, कीर्तनातून आहे, शाळेतल्या 'तात्पर्य' नावाच्या ओळीतून आहे.

मग सरळ निबंध का लिहू नये?

हा आक्षेप रास्त आहे. अल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ साली दोन्ही केलं. त्याच्या डोक्यात एक विचार होता: माणूस जगाकडे अर्थ मागतो, जग गप्प बसतं, आणि या दोहोंतली विसंगती मिटत नाही. त्यावर त्याने डोंगरावर धोंडा ढकलणाऱ्या सिसिफसचं नाव घेऊन निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी 'परका' अशा अर्थाच्या नावाची लहानशी कादंबरी प्रसिद्ध केली.

निबंधात कारणं आहेत, उदाहरणं आहेत, इतरांचं खंडन आहे. कादंबरीत एक कारकून आहे. त्याची आई वारली. आज की काल, ते त्याला नक्की ठाऊक नाही. पुढे त्याच्या हातून खून होतो, खटला चालतो, आणि कोर्टाला खुनापेक्षा हा आईच्या अंत्ययात्रेत रडला नाही हेच जास्त खुपतं. निबंध वाचताना आपण मान डोलावतो किंवा हरकत घेतो. कादंबरी वाचताना मी त्या कोर्टात ज्यूरीच्या बाकावर बसले होते आणि मलाही तो रडला असता तर बरं वाटलं असतं. मग लाज वाटली. निबंधाने मला विचार सांगितला. कादंबरीने मला माझ्याच विचारात पकडलं. चोरी पकडतात तसं.

लेखकाचं मत कुणाच्या तोंडी?

वाचनगटात हमखास येणारा प्रश्न. "म्हणजे लेखकाला असं म्हणायचंय का?" पात्र बोललं की आपल्याला तो लेखकाचा निरोप्या वाटतो.

दोस्तोयेव्हस्की हा रशियन कादंबरीकार श्रद्धाळू ख्रिस्ती. तरी १८८० साली पूर्ण झालेल्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह' या त्याच्या शेवटच्या कादंबरीत देवाच्या व्यवस्थेविरुद्धचा सर्वांत जोरकस युक्तिवाद त्याने कारामाझोव्ह भावांपैकी इव्हानला दिला. शेवटी सगळं सुरळीत होणार असेल, पण त्याची किंमत एका छळलेल्या लेकराचे अश्रू ही असेल, तर त्या जगाचं तिकीट मी नम्रपणे परत करतो, असं इव्हान म्हणतो. (हे ऐकून काका म्हणाले, "क्लर्केज कापून?") लेखकाला याचं उत्तर द्यायचं होतं. पण पुढच्या भागातलं आपलं उत्तर पुरेसं पडेल का, याची धाकधूक त्याने पत्रांतून बोलून दाखवली आहे. स्वतःच्या विरोधकाला इतकं बळ देऊन ठेवायचं की आपल्यालाच घाम फुटावा! इव्हानची लांबलचक कथा ऐकून त्याचा धाकटा भाऊ अल्योशा युक्तिवाद करत नाही, उठून त्याचं चुंबन घेतो. तर्काच्या वहीत हे उत्तर शून्य गुणांचं. कादंबरीत ते उत्तर आहे.

मिखाइल बाख्तिन या रशियन समीक्षकाने १९२९ मध्ये याला बहुआवाजीपणा म्हटलं. लेखकाचा आवाज वर आणि बाकीचे खाली, असं नसतं; सगळे एका पंगतीत. वाढप्यासकट.

मराठीत कुठे बघायचं

आपल्याकडे १९३०च्या दशकात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यात 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' असा वाद रंगला. त्यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न येत असे. इथे एवढंच पुरे.

खांडेकरांची वाक्यं वहीत उतरवून घेणारी एक पिढी होती, माझी आत्या त्यांतली. पण १९५९ च्या 'ययाति'तला विचार त्या सुभाषितांत आहे, असं मला वाटत नाही. तो रचनेत आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतःची हकिगत स्वतः सांगतात. देवयानी बोलत असते तेव्हा तिचं खरं वाटतं, मग शर्मिष्ठा बोलायला लागते आणि आपण गडबडतो. वासना वाईट, संयम चांगला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिघांनाही आपलंच दुःख मोठं का वाटतं, हे तिघांना बोलायला लावल्याशिवाय दाखवता येत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या 'कोसला'त तर विचार दोन क्षुल्लक शब्दांत लपलाय: 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. निवेदक स्वतःचं वय सांगतानासुद्धा 'उदाहरणार्थ' म्हणतो. पहिल्यांदा हसू येतं. पन्नास पानांनंतर येत नाही. स्वतःचं आयुष्य हे कशाचं तरी एक उदाहरण, आणि पुढचं सगळं वगैरे, असं ज्याला वाटतं त्याला अस्तित्वावर भाषण द्यावं लागत नाही.

नुसती गोष्ट असली तर काय बिघडलं?

काही नाही. मी रहस्यकथा रात्री दोनपर्यंत वाचते. पण 'नुसती' हा शब्द तपासून बघा. खुनी सापडलाच पाहिजे असं मानणारी रहस्यकथा जगाबद्दल बरंच काही गृहीत धरते: सत्य एकच असतं, ते हुशार माणसाला कळतं, आणि कळलं की हिशेब मिटतो. विरजण तिथेही आहे, फक्त घरचंच असल्यामुळे चव जाणवत नाही.

लिहिताना

आमच्या गटातली एक मैत्रीण नौपाड्याहून येते. कथा लिहिते. गेल्या पावसाळ्यात तिने एक वाचून दाखवली. मुलगा बापाला वृद्धाश्रमात पोचवायला निघालाय. वाटेत, तीन हात नाक्याच्या सिग्नलला, त्याच्या मनात कर्तव्य आणि स्वातंत्र्य यांवर दोन पानं विचार येतात. विचार चांगले होते. सिग्नल मात्र फारच लांबला.

दोन पानं काढून वाच, असं आम्ही सुचवलं. ती नाराज झाली, साहजिक आहे. काढल्यावर खाली एक ओळ सापडली. तिने ती सहज लिहिली होती आणि आमच्याही कानांवरून गेली होती. बॅग भरताना बाप विचारतो, "रेशनकार्डावरचं नाव राहू देशील ना रे?"

खोलीत कुणी बोललं नाही. माणूस कुठल्या घरचा असतो, घर म्हणजे भिंती की कागदावरची यादी, मुलाचं देणं कुठे संपतं, हे सगळं त्या कार्डात आलं होतं. त्यात 'रे' होतं, ते फार लागलं.

ती दोन पानं तिने फाडली नाहीत, दुसऱ्या वहीत ठेवलीत. ती लिहिल्याशिवाय रेशनकार्डापर्यंत पोचले नसते, असं ती म्हणते, आणि मला ते खरं वाटतं.

आता अडचण मुलाच्या उत्तराची. "हो बाबा" म्हटलं तर तो सुटतो. गप्प राहिला तर लेखिका सुटते. गेल्या रविवारी तिने तीन उत्तरं वाचून दाखवली आणि तिन्ही आमच्यासमोरच पेन्सिलने खोडली.